वेग आणि स्थैर्य : खोडदच्या संगणकांची कहाणी

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. आंबेगावच्या पूर्व भागात, जेथे सह्याद्रीवरचा पाऊस पोहोचेपर्यंत थकून गेलेला असतो, तेथे लोणी हे गाव आहे. या साऱ्या मुलखात बैलगाड्यांच्या शर्यतींचा शौक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. शर्यतीच्या धावेस येथे ‘घाट’ म्हणतात, आणि घाटात काही सेकंदांत निकाल लावणाऱ्या बैलाचे मोल फार मोठे असते. तथापि पेरणीचे दिवस आले म्हणजे तोच शेतकरी कुळवाला हा बैल जुंपीत नाही. तेथे त्याला पाहिजे असतो तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एकाच चालीने चालणारा, ऊन लागले तरी न बसणारा बैल. वेग हा एक गुण आणि स्थैर्य हा दुसरा. एका खुंट्यास हे दोन्ही क्वचितच बांधलेले सापडतात, हे ज्ञान या गावांना कोणा ग्रंथावाचून झालेले आहे.

शहरातील सुशिक्षित कुटुंबात सुटे भाग जुळवून संगणक करून घेण्याची वेळ आली म्हणजे हाच प्रश्न निराळ्या वेषात पुढे उभा राहतो. प्रोसेसर कोणता, याचा निर्णय लवकर होतो. वाद होतो तो मदरबोर्डाविषयी. एसस बरा की गिगाबाइट? एमएसआय अधिक वेगवान की ॲझरॉक अधिक टिकाऊ? एकजण एका नावाची शपथ घेतो, दुसरा त्याच नावाने हात पोळल्याचे सांगतो, आणि घेणारा गोंधळून जातो. या प्रश्नाची मोठ्या प्रमाणावर झालेली परीक्षा पाहावयाची असेल, तर ती लोणीच्या शेजारच्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे झालेली आहे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने आपल्या पोटातील गणकयंत्रणा कशी निवडली व कशी पालटली, याचा इतिहास म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांपुरता महत्त्वाचा नाही.

प्रथम मदरबोर्ड म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. गणित करणारा प्रोसेसर, तात्पुरती स्मृती, साठवणुकीची तबकडी आणि बाहेरच्या जगाशी बोलणारी कार्डे या सर्वांना एकत्र जोडणारा, त्यांना योग्य दाबाची वीज पुरविणारा आणि त्यांच्यामधील वाहतूक चालविणारा जो फलक, तो मदरबोर्ड. हा फलक स्वतः गणित जवळजवळ करीतच नाही. त्याचे काम पेठेतल्या चौकासारखे आहे. व्यापारी कितीही चपळ असला, तरी चौकात गाड्या अडकल्या म्हणजे त्याचे दुकान रिकामेच राहते.

या फलकांत निवड करण्याची सोय मुळात निर्माण झाली ती १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणल्यामुळे. त्याची रचना खुली असल्याने इतरांनाही तसेच यंत्र व त्यात बसणारे भाग बनविता आले. १९८६ मध्ये गिगाबाइट व एमएसआय आणि १९८९ मध्ये एसस अशा कंपन्या तैवानात उदयास आल्या. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मापन ठरवून दिले, आणि मग कोणाचाही फलक कोणाच्याही पेटीत बसू लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून हे फलक महाराष्ट्रातील घराघरांत गेले. पुढे २००० नंतरच्या काही वर्षांत अनेक नामांकित फलकांवरील कपॅसिटर फुगून फुटू लागले; दोष कपॅसिटरमधील द्रवाचा होता, आणि निरनिराळ्या नावांच्या फलकांत तोच सदोष माल जाऊन बसला होता. वेगवान फलकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ॲबिटने २००८ च्या अखेरीस हा व्यवसाय सोडला. खुद्द इंटेलनेही घरगुती संगणकांसाठी मदरबोर्ड बनविण्याचे काम थांबवीत असल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. तात्पर्य, फलकावरचे नाव ही चिरकाल टिकणारी हमी नव्हे, ही गोष्ट त्या नावांच्या इतिहासानेच सिद्ध केली आहे.

आता खोडदकडे वळावयाचे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९८० नंतरच्या दशकात मीटर लांबीच्या तरंगांचा वेध घेणाऱ्या एका प्रचंड दुर्बिणीची कल्पना मांडली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या गटाने १९७० मध्ये उटकमंड येथे एक मोठी रेडिओ दुर्बीण उभारून दाखविली होती. नव्या दुर्बिणीसाठी देशातील अनेक जागा पाहिल्यावर पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवरील खोडदची निवड झाली. माणसांनी केलेला रेडिओ-कोलाहल येथे कमी होता. पुण्यासारखे उद्योगांचे व विद्येचे नगर जवळ होते. आणि हे अक्षांश असे होते की, भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे दूर असल्याने वरचे आयनांबर तुलनेने शांत राहावे आणि दक्षिणेकडील आकाशाचाही मोठा भाग दृष्टीस पडावा.

या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ एका मध्यवर्ती चौकात आहेत, आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. टोकाच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणून बसविलेली तारेची जाळी वापरण्याची युक्ती स्वरूप यांनी योजिली. मीटर लांबीच्या तरंगाला १० ते २० मिलिमीटरची छिद्रे दिसतच नाहीत. वारा मात्र त्यांतून निघून जातो, आणि त्यामुळे तबकडी हलकी व स्वस्त होते. जेथे जाळी पुरते तेथे पत्रा वापरावयाचा नाही, हे जे तत्त्व तबकडीच्या बांधणीत दिसते, तेच पुढे संगणकांच्या निवडीतही दिसून येते.

तीस तबकड्यांची मिळून एक दुर्बीण व्हावयाची तर प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी ताडून पाहावा लागतो. तिसांतून दोन-दोन निवडल्यास ४३५ जोड्या होतात. प्रत्येक तबकडी दोन प्रकारच्या ध्रुवीकरणांचे संदेश देते, म्हणून प्रवाह साठ. सुमारे ३३ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा पकडावयाचा, तर एकेका प्रवाहाचे दर सेकंदाला ६ कोटी ६० लाख नमुने घ्यावे लागतात. साठ प्रवाहांचे मिळून ते सुमारे ४ अब्ज होतात. प्रत्येक नमुन्याचे पृथक्करण करावयाचे, जोड्या गुणावयाच्या, बेरजा ठेवावयाच्या, आणि हे सारे पुढच्या सेकंदाचे नमुने येऊन थडकण्यापूर्वी. येथे विलंबाला क्षमा नाही. हिशेबनीस आज थकला तर उद्या वही पुरी करू शकतो. परंतु एखाद्या ताऱ्याचा त्या क्षणीचा स्पंद हातातून निसटला, म्हणजे तो पुन्हा येत नाही. हे काम करणाऱ्या यंत्रणेला सहसंबंधक म्हणतात.

१९९० नंतरच्या दशकात दुर्बीण उभी राहत असता हे काम साध्या संगणकाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून पहिला सहसंबंधक खास त्याच कामासाठी घडविलेल्या इलेक्ट्रॉनिक मंडलांचा होता. त्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने आपल्या व्हीएलबीए या दुर्बिणीसाठी तयार करविलेल्या विशेष चिपा वापरलेल्या होत्या. एकच काम करण्यासाठी जन्मलेली वस्तू ते काम निष्ठेने करते, आणि या यंत्रणेनेही ते केले. २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ही दुर्बीण खुली झाली, ती याच सहसंबंधकाच्या आधारावर. परंतु अशा निष्ठेला एक मर्यादा असते. नवी पद्धत सुचली, अधिक बारीक पृथक्करण हवे झाले, कोलाहल गाळण्याची नवी रीत वापरून पाहावीशी वाटली, तर खास मंडले वळत नाहीत. शिवाय विशेष चिपांचे उत्पादन संपले म्हणजे बदली भाग मिळणेही कठीण होते.

याच काळात पुण्यात दुसऱ्या एका दिशेने अनुभव साठत होता. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यासाठी नवा प्रोसेसर घडविण्याच्या भरीस न पडता ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर मोठ्या संख्येने एकत्र जोडले होते. २००७ मध्ये टाटांच्या पुण्यातील प्रयोगशाळेचा ‘एका’ हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. तोही ह्यूलेट-पॅकार्डच्या सर्व्हरांचा व इंटेलच्या बाजारी प्रोसेसरांचाच बनलेला होता. बाजारात लाखांनी खपणाऱ्या वस्तू दरवर्षी स्वस्त व शीघ्र होत जातात, आणि त्यांना जोडण्याची कला साधली म्हणजे त्यांची बेरीज खास यंत्रालाही मागे टाकते, असा या घटनांचा अर्थ होता.

खोडदलाही हाच मार्ग चोखाळता येईल काय, हा प्रश्न सोपा नव्हता. महासंगणकावर एखादे गणित अडले तर ते पुन्हा चालविता येते. दुर्बिणीच्या मागे बसलेल्या संगणकाला ती सवलत नाही. जगातील निरनिराळ्या देशांच्या संशोधकांना वेधाचे तास वाटून दिलेले असतात. पेठेतून आणलेले फलक मध्यरात्री अडखळले, तर कोणाचा तरी वर्षभर वाट पाहून मिळालेला वेध वाया जाणार. चालत असलेली, विश्वासाची यंत्रणा बाजूस सारून सर्वसाधारण संगणकांवर भिस्त ठेवावयाची, म्हणजे जोखीम पत्करणे होते.

ती पत्करण्यास एक निकडीचे कारणही होते. विश्वाच्या बालपणी पहिल्या ताऱ्यांनी भोवतालच्या हायड्रोजनचे पुन्हा आयनीभवन केले, त्या युगाची खूण १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास शोधण्याचा प्रयत्न टोरांटोचे उए-ली पेन आणि पिट्‌सबर्गचे जेफ्री पीटरसन हे खोडदच्या दुर्बिणीवर करीत होते. इतक्या क्षीण संदेशाच्या वाटेत विजेच्या तारांवरील ठिणग्यांसारखा भूतलावरचा कोलाहलही मोठा अडथळा ठरतो, आणि तो गाळावयाचा तर पाहिजे तसे वळणारे गणकयंत्र हवे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे जयंत रॉय, पुढे त्या केंद्राचे संचालक झालेले यशवंत गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी या दोघांसमवेत सर्वस्वी बाजारी भागांची अशी यंत्रणा उभी केली. तिचे सविस्तर वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. लिनक्सवर चालणारे ४८ संगणक, त्यांतील पीसीआय खाचांत बसणारी नमुने घेणारी कार्डे, संगणकांना परस्परांशी जोडणारे दुहेरी गिगाबिट जाळे आणि बाकी सर्व सॉफ्टवेअर, असे तिचे स्वरूप होते.

या ठिकाणी निवडीचा खरा कस कोठे लागतो, हे पाहण्याजोगे आहे. घरगुती खरेदीत प्रोसेसरचा वेग प्रथम विचारला जातो. अशा यंत्रणेत मात्र पहिला प्रश्न असतो वाहतुकीचा. साध्या पीसीआय मार्गाची कमाल क्षमता दर सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि तीही त्यावरच्या सर्व कार्डांत वाटलेली. दर सेकंदाला ६ कोटी ६० लाख नमुन्यांचा प्रवाह, प्रत्येक नमुन्याला एकच बाइट धरली तरी, दोन प्रवाहांतच हा मार्ग तुडुंब भरून टाकतो. त्याच काळात सर्व्हरच्या मदरबोर्डांवर या मार्गाची रुंद आवृत्ती मिळत असे. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन फलकांत जे अंतर असे, ते दोन कंपन्यांच्या सारख्या वर्गातील फलकांत असेलच असे नाही. नाव विचारण्यापूर्वी वर्ग विचारावा, हा यातला पहिला धडा होय.

दुसरा प्रश्न सातत्याचा. एखादा फलक क्षणभर अति वेगाने धावतो आणि मग तापून मंद होतो. सरासरी काढल्यास त्याचा आकडा उत्तम दिसतो. अखंड प्रवाहापुढे ही सरासरी निरुपयोगी आहे. तेथे सर्वांत मंद क्षणच मोजावा लागतो, कारण माहिती सांडते ती त्याच क्षणी. त्यातच ४८ यंत्रे एका सुरात चालावयाची असल्याने एक मागे पडले की सर्वांचा ताल बिघडतो. शंभर दिवसांत एकदा अडखळणारा संगणक घरी कोणाच्या लक्षातही येणार नाही. तसेच ४८ एकत्र चालविले, तर सरासरीने दर दोन दिवसांनी कोठे ना कोठे अडखळ येणार, हे साध्या त्रैराशिकाने कळते. सर्व्हरवर्गाच्या फलकांना स्मृतीतील चुका आपण होऊन दुरुस्त करणाऱ्या पट्ट्या लावता येतात, आणि घरगुती दृष्टीला अवास्तव वाटणारी त्यांची किंमत या त्रैराशिकामुळेच न्याय्य ठरते.

तिसरा प्रश्न या जागेचा विशेष होता. संगणक स्वतःच रेडिओ-कोलाहल करतो. त्याच्या फलकावर जे विद्युत्-स्पंद चालतात, त्यांचे पडसाद ज्या तरंगलांबींवर उमटतात, त्याच तरंगलांबींवर दुर्बीण कान लावून बसलेली असते. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला संदेश ऐकावयाचा आणि तो मोजणाऱ्या यंत्रानेच शेजारी बसून गलका करावयाचा, अशी ही अडचण. म्हणून अशा ठिकाणी गणकयंत्रांना धातूच्या आवरणाआड ठेवावे लागते, आणि तबकड्यांकडील संदेश तेथवर प्रकाशतंतूंतून आणले जातात.

या सर्वांवर कडी म्हणजे, या यंत्रणेत खरा वेग विकत घेतलेलाच नव्हता; तो लेखणीने मिळविलेला होता. प्रोसेसरच्या पोटातील कॅश नावाच्या छोट्या, शीघ्र स्मृतीत माहिती मावेल अशा बेताने गणिताची मांडणी केली. एकाच आज्ञेत अनेक संख्यांवर क्रिया होईल अशी आज्ञावली लिहिली. आणि प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांना एकाच वेळी कामास लाविले. त्याच फलकावर, त्याच प्रोसेसरकडून, ओबडधोबड आज्ञावलीच्या मानाने कितीतरी अधिक काम या रीतीने काढून घेता येते. तीस तबकड्यांच्या दर्जाच्या दुर्बिणीवर प्रत्यक्ष वेळेत चालणारी सर्वस्वी सॉफ्टवेअरची अशी यंत्रणा जगात बहुधा पहिलीच, असे तिच्या निर्मात्यांनी नमूद केले आहे. पुढे तिने जुन्या सहसंबंधकाची जागा घेतली.

यावरून बाजारी संगणकच सर्वत्र श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. २०१३ नंतरच्या काळात दुर्बिणीचे नूतनीकरण झाले आणि पट्ट्याची रुंदी ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत नेण्याचे ठरले. साठ प्रवाहांचे नमुने आता दर सेकंदाला सुमारे ४८ अब्ज झाले, पूर्वीच्या बारापट. तेव्हा दोन्ही मार्गांचा संगम करण्यात आला. नमुने घेणे व त्यांची बांधाबांध करणे, हे ठरीव व कधी न बदलणारे काम ‘रोच’ नावाच्या फलकांकडे गेले. बर्कलीच्या पुढाकाराने चालणाऱ्या कॅस्पर या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून ते तयार झालेले आहेत, आणि त्यांवरील चिपांची अंतर्गत रचना गरजेप्रमाणे पुन्हा मांडता येते. पृथक्करणाचे व जोड्या गुणण्याचे जड काम डेलच्या सर्व्हरांत बसविलेल्या एनव्हिडियाच्या ग्राफिक्स प्रोसेसरांनी उचलले. खेळांतील चित्रे रंगविण्यासाठी ज्या जातीचा प्रोसेसर प्रथम जन्माला आला, तोच येथे आकाशगंगांचे गणित करू लागला. जे बदलत नाही ते स्थिर फलकाकडे आणि जे बदलत राहते ते वळणाऱ्या संगणकाकडे, अशी ही कामाची वाटणी होय.

या निवडींचे फळ काय, असे कोणी विचारील. २०२३ च्या जून महिन्यात भारत, युरोप व जपान येथील शास्त्रज्ञांनी विश्वात भरून राहिलेल्या अतिमंद गुरुत्वीय तरंगांच्या अस्तित्वाचा पुरावा मांडला. त्यात खोडदच्या नूतनीकृत दुर्बिणीने केलेल्या स्पंदक ताऱ्यांच्या वेधांचा भाग होता. हे तरंग इतके सावकाश येतात की एकाचे आंदोलन पुरे होण्यास वर्षे लागतात. म्हणून स्पंदकांच्या ठोक्यांचे वेध वर्षानुवर्षे एकाच काटेकोरपणाने घेत राहावे लागते. येथे एखाद्या रात्रीचा विक्रमी वेग काहीच कामाचा नाही. महिन्यामागून महिने न चुकता चाललेली नोंदच कामाची. तत्पूर्वी २०२० मध्ये अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने या दुर्बिणीस ‘मैलाचा दगड’ हा मान दिला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गोविंद स्वरूप पुण्यात निवर्तले.

घरासाठी मदरबोर्ड घेणाऱ्याला ४३५ जोड्यांचे गणित करावयाचे नसते. तथापि खोडदच्या अनुभवातून त्याने उचलण्यासारखे थोडके नाही. काम काय आहे हे आधी ठरवावे. मग फलकाचा वर्ग, त्यावरील वाहतुकीचे मार्ग, वीज नियंत्रित करणाऱ्या भागाची व कपॅसिटरांची प्रत, हवा खेळण्याची सोय, त्यात बसणारी स्मृती कंपनीने तपासून घेतली आहे की नाही आणि आज्ञावलीच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतात, हे पाहावे. घेतल्यावर दोन-तीन दिवस त्याच्याकडून अखंड भारी काम करून घ्यावे. जो तेथे डगमगला नाही, तो पुढेही बहुधा डगमगणार नाही. नावाचा विचार सर्वांत शेवटी करावा, आणि तोही दुरुस्तीची सोय जवळ आहे की नाही, या अंगाने.

लोणीचा शेतकरी बाजारात बैलाची जात विचारतो, नाही असे नाही. पण तेवढ्यावर तो व्यवहार पुरा करीत नाही. तो बैलाला चालवून पाहतो, खूर उचलून पाहतो, दात मोजतो; आणि पैसे मोजण्यापूर्वी हा बैल घाटासाठी की शेतासाठी, हे स्वतःच्या मनाशी ठरवून आलेला असतो. खोडदच्या शास्त्रज्ञांनी आपले संगणक निवडले, तेही याच शहाणपणाने.